तारीख लिहावी कोणत्या क्रमानं?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी आणि पुढे खटल्याच्या बातम्यांनीही त्या घटनेला नाव दिलं ‘७/११’. आधी महिना, मग दिवस. साचा अमेरिकेच्या ‘९/११’ चा. दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा नाव पडलं ‘२६/११’. इथे आधी दिवस, मग महिना. १३ जुलै २०११ चे स्फोट ‘१३/७’ झाले. शहर तेच, बातमीदार तेच, पाच वर्षांत क्रम मात्र दोन. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांचा गोंधळ होत नाही. पण आज महाविद्यालयात असलेल्या मुलानं ‘७/११’ वाचलं, तर त्याला ती ७ नोव्हेंबर वाटणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नुसत्या आकड्यांत लिहिलेली तारीख, त्यातला कुठला आकडा कशाचा हे सांगत नाही. ते वाचणारा आपल्या सवयीनं ठरवतो. लिहिणारा आणि वाचणारा एकाच सवयीचे असले की निभावून जातं. पुण्यातल्या आजोबांना न्यू जर्सीहून नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाचा कागद आला आणि त्यावर ‘४/७’ असलं, तर आजोबा जुलैत फोन करतात आणि कार्यक्रम एप्रिलमध्येच होऊन गेलेला असतो.

जगात मुख्यतः तीन क्रम चालतात. दिवस-महिना-वर्ष हा आपला, ब्रिटनचा आणि युरोपातल्या बहुतेक देशांचा. महिना-दिवस-वर्ष हा अमेरिकेचा. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेचं सैन्यदल दिवस आधी लिहितं. वर्ष-महिना-दिवस हा चीन, जपान, कोरिया, हंगेरी, स्वीडन, लिथुएनिया या देशांचा. कॅनडात तिन्ही क्रम नांदतात, त्यात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन राजभाषा. त्यामुळे तिथल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर महिन्यासाठी दोन्ही भाषांना चालतील अशी दोन-दोन अक्षरं ठरवून दिली आहेत: मार्चला ‘एमआर’, मेला ‘एमए’, जूनला ‘जेएन’, जुलैला ‘जेएल’. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती एखाद्या रसायनाची नावं वाटतात, पण सातवा महिना की सातवा दिवस हा प्रश्न तिथे उरत नाही.

घोळ किती मोठा आहे याचा हिशेब बोटांवर करता येतो. दिवसाचा आकडा १ ते १२ मध्ये असेल तर तो महिन्याचाही असू शकतो. असे दिवस वर्षात बारा गुणिले बारा, म्हणजे १४४. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा तारखा उलटसुलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त तारखा दोन्ही क्रमांनी वाचता येतात आणि दोन्ही वेळा खऱ्याच वाटतात. १३ तारखेपासून पुढे बिंग फुटतं, कारण तेरावा महिना नसतो.

हे अर्धवट बिंग फुटणंच सगळ्यात घातक. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. समजा संगणकाची मांडणी अमेरिकी आहे आणि आपल्याकडची यादी त्यात उघडली. ‘१३/०५/२०२४’ पाहून एक्सेल म्हणतं, ही तारीख नाही, आणि तिला साधा मजकूर म्हणून सोडून देतं. ‘०५/०६/२०२४’ पाहून मात्र काही न बोलता ६ मे करून टाकतं, आपल्या मनात ५ जून असताना. आता एकाच रकान्यात काही तारखा मजकूर आहेत आणि काही चुकीच्या. मजकूर डावीकडे चिकटतो, तारखा उजवीकडे. रकाना असा दोन्हीकडे फाकलेला दिसला की ओळखावं, यातल्या उजवीकडच्या तारखांवर विश्वास ठेवायचा नाही. कुणीतरी डावीकडच्या ‘दुरुस्त’ करून घेतं आणि उजवीकडच्या तशाच राहतात. पगार, व्याज, विम्याची मुदत असं सगळं त्यावर मोजलं जातं.

वर्ष आधी: परकं काहीच नाही

यावरचा जागतिक उतारा म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०८-१५. पहिल्यांदा ऐकलं की आपल्याला ते उलटं वाटतं. ‘पंधरा ऑगस्ट’ म्हणायची सवय आहे ना. पण हा क्रम आपल्याच घरात जुना आहे. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी संकल्प सांगतात तो आठवा. ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धापासून सुरुवात, मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा प्रथम चरण, मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार. मोठ्याकडून लहानाकडे, एकही पायरी न चुकता. जागेचंही तसंच: भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. टपालखात्याला मात्र आपण पत्ता नेमका उलटा देतो.

जुन्या मराठी नोंदींतही ‘शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३’ असाच क्रम येतो. ही शिवराज्याभिषेकाची तिथी. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात जो शिलालेख आहे, त्यात हाच शक शब्दांत लपवलाय: ‘षण्णव बाण भूमि’. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, मदनाचे बाण पाच, भूमी एकच. ओळीनं वाचलं तर ६९५१. पण संस्कृतात असे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचा दंडक आहे, म्हणून १५९६. म्हणजे वर्ष-महिना-तिथी हा क्रम मोठ्याकडून लहानाकडे, आणि वर्षाच्या आतले अंक लहानाकडून मोठ्याकडे! नियम माहीत असलेल्याला काही अडचण नाही. नसलेल्याला अजून पाच हजार वर्षं वाट पाहावी लागेल.

सगळ्या जुन्या कागदांवर हाच क्रम होता असं मात्र नाही. पेशवाईतल्या पत्रांवर ‘छ’ लिहून पुढे हिजरी महिन्याची चंद्र-तारीख येते, जसं ‘छ ५ रबिलावल’. इथे दिवस आधी. आणि कित्येक पत्रांत एवढंच. वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वर्ष ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? संशोधकांनी नंतर पत्रातल्या लढाया, माणसं, पाऊसपाणी यांवरून वर्ष शोधत डोळे फोडले. ‘ता. १२ रोजी मीटिंग’ एवढंच लिहून फाइल बंद करणारे आपण त्याच परंपरेचे पाईक.

मानकात नेमकं काय आहे

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे मानक काढलं. त्याआधी १९७६ चं आयएसओ २०१४ होतं, त्यातही क्रम हाच. भारतीय मानक ब्युरोनं ते आयएस ७९०० या क्रमांकानं आपलंसं केलं आहे. म्हणजे कागदोपत्री भारताचंही मानक वर्ष-महिना-दिवस हेच. आपल्या बहुतेक सरकारी अर्जांवरच्या चौकटी मात्र दिवसानं सुरू होतात. याला विसंगती म्हणायचं की व्यवहार, ते पुढे पाहू.

नियम थोडकेच आहेत. वर्ष चार आकडी. महिना आणि दिवस दोन आकडी, एकेरी असेल तर आधी शून्य. मध्ये आडवी रेघ. रेघा गाळल्या तरी चालतात: २०२४०८१५. नुसतं वर्ष आणि महिना लिहायचा तर २०२४-०८. पण इथे रेघ गाळायला बंदी आहे, कारण ‘२०२४०८’ कुणी २० सालच्या चोविसाव्या महिन्याची आठ तारीख म्हणून वाचायला गेलं तर? चोविसावा महिना नसतो हे खरं, पण ‘२००४०८’ ला तोही आधार उरत नाही. तिरपी रेघ या मानकात दोन तारखांमधला कालावधी दाखवण्यासाठी राखून ठेवली आहे, म्हणून तारखेच्या आत ती वापरायची नाही.

या क्रमाचा मोठा फायदा संगणकाच्या मूर्खपणातून येतो. फाइलींची नावं संगणक डावीकडून एकेक चिन्ह पाहत लावतो. तुमच्या हाउसिंग सोसायटीची इतिवृत्तं ‘०१-०३-२०२३’, ‘०१-०९-२०२१’, ‘१५-०१-२०२५’ अशा नावांनी ठेवली असतील, तर सगळ्या सालांच्या एक तारखा एकत्र येतील, मग सगळ्या दोन तारखा. पाच वर्षांचा कारभार पत्त्यांसारखा पिसलेला. नावं ‘२०२१-०९-०१ इतिवृत्त’ अशी ठेवली, तर अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप एक होतो. कुठलंही बटण दाबावं लागत नाही. आधीचं शून्य यासाठीच लागतं, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. आणि एक खास आपली खबरदारी: देवनागरी ‘२’ आणि इंग्रजी ‘दोन’चा आकडा ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत. एका फोल्डरमध्ये काही नावं देवनागरी आकड्यांत आणि काही इंग्रजी आकड्यांत ठेवली, तर क्रम विसरा.

वेळ जोडायची तर तारखेनंतर इंग्रजी ‘टी’ हे अक्षर, मग तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी जागतिक वेळेपासूनचं अंतर. आपल्यासाठी ते +०५:३०. हे शेपूट अनावश्यक वाटतं, पण तारीख हीसुद्धा जागेवर अवलंबून असते. पुण्यात १५ ऑगस्टची सकाळ साडेसहा वाजता उजाडलेली असते, तेव्हा न्यू जर्सीत १४ ऑगस्टची रात्र नऊ वाजलेली असते. व्हिडिओ कॉलवरच्या झेंडावंदनाची तारीख कुठली, याला दोन खरी उत्तरं आहेत.

मानकात आठवड्यांचीही एक पद्धत आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे २९ डिसेंबर २०१४ हा सोमवार आठवड्यांच्या हिशेबात २०१५ मध्ये मोडतो. आज्ञावलीत ‘वर्ष’ लिहिताना चुकून हे आठवड्याचं वर्ष वापरलं की अकरा महिने आणि चार आठवडे सगळं ठीक चालतं आणि वर्ष संपता संपता यंत्रणा अचानक पुढच्या सालात जाऊन बसते. प्रोग्रामर मंडळींमध्ये ही चूक दर डिसेंबरला नव्यानं सापडते. आपल्या रोजच्या जगण्यात आठवड्याची तारीख एकाच ठिकाणी भेटते, गाडीच्या टायरवर. तिथे शेवटी चार अंक असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. इथे वर्ष शेवटी. मानकं एकमेकांना विचारून जन्माला येत नाहीत.

दोन आकडी वर्ष

क्रमाबद्दल मतभेद समजू शकतात. वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याचं समर्थन मात्र मला कुठूनच करता येत नाही. ‘०५/०६/०७’ या तारखेचे तीन सरळ अर्थ निघतात: ५ जून २००७, ६ मे २००७ आणि ७ जून २००५. आयएसओच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी दोन आकडी वर्षाला मुभा दिली होती. २००४ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. मधल्या काळात ‘वाय-टू-के’ होऊन गेला होता. जुन्या संगणकांत जागा महाग, म्हणून ‘१९’ गाळून नुसतं ‘७४’ साठवलं जायचं. २००० उजाडल्यावर ‘००’ म्हणजे १९०० समजलं गेलं असतं. ती दुरुस्ती करायला जगभर कोट्यवधी ओळींची आज्ञावली तपासावी लागली, आणि त्या कामावर पुण्या-मुंबईतले कितीतरी मराठी तरुण अमेरिकेला गेले. दोन अंक वाचवण्याच्या जुन्या काटकसरीतून कित्येक घरांची परदेशवारी निघाली, असंही म्हणता येईल.

संकट टळलं, सवय टळली नाही. आजही दोन आकडी वर्ष दिलं तर संगणक अंदाज बांधतो. एक्सेलची वर्षानुवर्षांची सीमारेषा अशी: ०० ते २९ म्हणजे २०००चं शतक, ३० ते ९९ म्हणजे १९००चं. आजींचा जन्म १९२८ चा आणि तुम्ही लिहिलं ‘२८’, तर आजी अजून जन्माला यायच्या आहेत. इतर काही प्रणालींत ही रेषा ६८-६९ च्या मध्ये आहे, तिथे १९६५ साली जन्मलेले काका २०६५ मध्ये जातात. रेषा कुठेही ओढली तरी कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच.

एक्सेलनं तारखा आत कशा साठवल्या आहेत हे कळलं की बऱ्याच गूढ गोष्टी उलगडतात. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तो पुढचे दिवस मोजतो. १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे त्याच्या लेखी ४५५१९. कधी रकान्यात तारखेऐवजी असा पाच आकडी अंक दिसला तर घाबरू नका. तारीख तिथेच आहे, फक्त तिचा पोशाख उतरलाय. या मोजणीत १९०० हे लीप वर्ष धरलंय, जे ते नव्हतं. आधीच्या लोटस १-२-३ या प्रणालीत ही चूक होती आणि तिच्याशी जुळवून घ्यायचं म्हणून एक्सेलनंही ती ठेवली. कधीच न उजाडलेली २९ फेब्रुवारी १९०० एक्सेलमध्ये आजही आहे.

साठवायची वेगळी, दाखवायची वेगळी

इथे मुद्द्याचं बोलू. ‘कुठला क्रम बरोबर’ या वादात खूप वेळ जातो; आधी विचारायचा प्रश्न आहे, ही तारीख वाचणार कोण? महाराष्ट्र शासनाचा कुठलाही शासन निर्णय उघडून पाहा. वर डोक्यावर माणसांसाठी तारीख असते: ‘दिनांक : २१ नोव्हेंबर, २०१६’. खाली, निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं सांगताना, लांबलचक संगणक संकेतांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक वाचा: वर्ष, महिना, दिवस. कागद एकच, तारीख एकच, वाचक दोन. पासपोर्टचंही तसंच. वर जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी. तळाशी बाणांच्या टोकांसारख्या चिन्हांनी भरलेल्या ज्या दोन ओळी विमानतळावरचं यंत्र वाचतं, त्यांत तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, तीही सहाच अंकांत. संकेतस्थळावरच्या अर्जात तारखेची चौकट भरताना तुम्हाला दिवस आधी दिसतो, पण ब्राउझरची स्वतःची तारखेची चौकट वापरली असेल तर पलीकडे पाठवलं जातं वर्ष-महिना-दिवस हेच. तुम्हाला कळतही नाही, कळायची गरजही नाही.

म्हणून मघाची विसंगती मला फारशी खुपत नाही. यंत्रांनी आपसात आयएसओनं बोलावं. माणसासाठी लिहिताना महिना अक्षरांत आणि वर्ष पूर्ण लिहावं: ‘५ जून २०२४’. यात क्रम कुठलाही ठेवा, गैरसमजाला जागाच नाही. खरेदीखतं लिहिणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे; ‘आज दिनांक ५ माहे जून सन २०२४ इसवी’ ही भाषा कितीही जुनाट वाटो, तिच्यात प्रत्येक आकड्याच्या गळ्यात त्याची पाटी अडकवलेली असते. आणि चौकटी आखून दिल्या असतील तिथे निमूट चौकटींचं ऐकावं. बँकेच्या चेकवर दिवसाच्या दोन, महिन्याच्या दोन आणि वर्षाच्या चार चौकटी छापलेल्या असतात. तिथे आयएसओचा बाणा दाखवून २०२४ नं सुरुवात केलीत तर चेक परत येईल.

चेकवरून आठवलं. चेकवर राष्ट्रीय शक दिनदर्शिकेची तारीख घातली तरी तो चालतो, तसं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. तीन महिन्यांची मुदत उलटली की नाही ते बँकेनं इंग्रजी तारीख काढून पाहायचं. कुणाला हौस असेल तर करून पाहावं. काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्याची जबाबदारी माझी नाही.

औषधाच्या पट्टीवर मुदत फक्त महिना आणि वर्ष अशी असते. तिथे नियम असा, की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पहिली तारीख उजाडताच पट्टी फेकून देणारे पुष्कळ आहेत.

तारीख नसलेल्या तारखा

प्रमाण पद्धतीचा आणखी एक उपयोग असा, की काय तारीख *नाही* हेही यंत्राला कळायला हवं. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा वळणाची लघुरूपं होती. यादी एक्सेलमध्ये टाकली की त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर व्हायची. २०१६ मध्ये संशोधकांनी नामांकित नियतकालिकांतले, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले शोधनिबंध तपासले, तेव्हा साधारण पाचांतल्या एकात असा गोंधळ सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली. एक्सेलसमोर विज्ञानानं हात टेकले.

आपल्याकडे याचा अवतार तलाठी कार्यालयापासून वकिलाच्या टेबलापर्यंत भेटतो. एक्सेलमध्ये ‘७/१२’ टाइप करून पाहा. सातबाऱ्याचा ७ डिसेंबर होतो, संगणक अमेरिकी वळणाचा असेल तर १२ जुलै. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ असं सुचवायला ‘१२/३’ लिहिलं की ती १२ मार्च. ‘५/४७’ लिहिलंत तर मे १९४७, म्हणजे जमीन थेट स्वातंत्र्यपूर्व काळात. एकदा असं झालं की मागचा रकाना पुन्हा मजकूर केला तरी उपयोग नाही; हाती तो पाच आकडी अंकच येतो. उपाय साधा आहे, पण आधी करायचा: नोंदी भरण्यापूर्वी अख्ख्या रकान्याला ‘मजकूर’ म्हणून सांगून ठेवायचं, किंवा नोंदीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं.

आणि कुठल्या पंचांगाची?

आतापर्यंत आपण गृहीत धरलं, की दिवस तोच आहे, फक्त लिहिण्याचा क्रम ठरवायचा आहे. इतिहासात गेलं की तेही हातात राहत नाही. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेतले पौर्णिमेला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तर उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी. रात्र एकच, महिना निराळा. शके आकड्यांचंही तसंच: पाडव्याला सुरू होणारं शालिवाहन शकाचं वर्ष वेगळं, आणि मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारनं २२ मार्च १९५७ पासून लागू केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका वेगळी. पहिली चंद्रावर चालते, दुसरी सूर्यावर. दोन्हीकडे महिन्याचं नाव चैत्रच.

सतराव्या शतकात तर इंग्रजी तारीखही एक नव्हती. पोपनं १५८२ मध्ये सुधारलेली ग्रेगरियन दिनदर्शिका पोर्तुगालनं त्याच वर्षी घेतली. इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन सोडली नाही. परिणाम असा, की एकाच दिवशी गोव्यातल्या पोर्तुगीज कागदावरची तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या कागदाच्या दहा दिवस पुढे असायची. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारीतलं पत्र त्यांच्या हिशेबी मागच्याच सालातलं.

शिवजन्माची नोंद जेधे शकावलीत आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आपण जी १९ फेब्रुवारी १६३० पाळतो ती ज्युलियन तारीख. सुरतेच्या वखारवाल्यांनी त्या दिवशी काही लिहिलं असेल तर वर्ष १६२९ घातलं असणार. गोव्यात त्या दिवशी १ मार्च १६३० होता. आयएसओ ८६०१ ग्रेगरियन दिनदर्शिकेवर उभं आहे, त्यामुळे त्या मानकात ‘१६३०-०२-१९’ लिहिलं तर काटेकोर अर्थानं तो दहा दिवस आधीचा दिवस होतो. शिवजन्माचा दिवस तिथे ‘१६३०-०३-०१’ असा लिहावा लागतो. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ चंही तसंच, ती १६ जून होते.

याचा अर्थ सरकारी शिवजयंती चुकली असा कुणी काढू नये. जयंती कुठल्या दिनदर्शिकेनं पाळायची हा समाजाचा निर्णय असतो. प्रश्न येतो तो संगणकात नोंदी करणाऱ्यांना, म्हणजे ऐतिहासिक कागदांची सूची बनवणारे, संग्रहालयं, वंशावळ जमवणारी मंडळी यांना. त्यांनी मूळ कागदावर आहे तशी तिथी एका रकान्यात जशीच्या तशी ठेवावी, मजकूर म्हणून. दुसऱ्या रकान्यात आयएसओ तारीख, आणि तिसऱ्यात ती कुठल्या दिनदर्शिकेवरून काढली ते. आणि वार कागदावर असेल तर तो मुळीच गाळू नये. ज्युलियन १९ फेब्रुवारी आणि ग्रेगरियन १ मार्च दोन्ही शुक्रवारच निघतात, कारण दिनदर्शिका बदलली तरी वारांची साखळी तुटली नव्हती. पण त्या १६३०-०२-१९ ला ग्रेगरियन समजून वार काढला तर मंगळवार येतो, आणि कुठेतरी गफलत झाली हे तिथल्या तिथे कळतं.